हरभऱ्याच्या जागलीसाठी मचाण कुठे बांधावं: रब्बी २०२४-२५ च्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

सोयाबीन निघालं. शेत मोकळं आहे तोवर जागलीच्या, म्हणजे रात्री पिकाची राखण करायच्या, मचाणाची जागा ठरवून घ्यायची. एकदा हरभरा पेरला की ना नीट फिरता येत, ना जनावरांचे जुने माग शिल्लक राहतात.

शेत भद्रावती तालुक्यात, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याला, लागून. सहा एकर काळी जमीन, उतार पूर्वेकडे. पूर्वेच्या धुऱ्याखाली (धुरा म्हणजे शेताचा बांध) नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. उत्तरेला पांदण, म्हणजे शेतात जायची गाडीवाट, पश्चिमेला शेजाऱ्यांची पराटी (कापूस). दक्षिणेला पडीत आहे, रायमुनियाने (घाणेरीच्या झुडपांनी) गच्च भरलेली. यंदा उत्तरेकडे तीन एकर हरभरा, त्याच्या दक्षिणेला पट्ट्यात तूर आणि पश्चिमेच्या टोकाला कापूस असं ठरलं आहे.

हे मचाण शिकारीसाठी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. चितळ, रोही (नीलगाय), रानडुक्कर यांच्यातल्या कशालाही आपल्या मनाने मारता येत नाही आणि मला ते करायचंही नाही. जनावर पिकात शिरायच्या आधी दिसावं, त्याला परतवावं आणि आपण सुखरूप घरी यावं, एवढंच मचाणाकडून हवं आहे. गेल्या वर्षी आम्ही जमिनीवर खोपटी करून जागल केली. डुकरं शेताच्या एका कोपऱ्यात अन् आम्ही दुसऱ्या, असं रात्रभर चालायचं. खाली बसून हातभर उंचीच्या पिकापलीकडचं काही दिसत नाही. शिवाय या भागात वाघाचा वावर आहे, त्यामुळे खाली झोपणं आता घरच्यांना मान्य नाही.

आज धुऱ्याधुऱ्याने फिरलो. पूर्वेला नाल्यातून वर येणारी वाट स्पष्ट आहे. चितळाचे टोकदार, नाजूक खूर आणि रोहीचे त्याहून बरेच मोठे खूर तिथे एकत्र दिसतात. धुऱ्यावर रोहीच्या लेंड्यांचा मोठा ढीग आहे. रोही ठरलेल्या जागी परत परत येऊन लेंड्या टाकतो, म्हणून असा ढीग दिसला की वाट रोजच्या वापरातली समजायची. दक्षिणेच्या पडितात मात्र शिरलो नाही. रायमुनिया काटेरी, आणि आत काय बसलं असेल सांगता येत नाही.

२२ ऑक्टोबर

झाड ठरवलं. पूर्वेच्या धुऱ्यावर मोठा मोह आहे. दोन जाड फांद्या एकाच उंचीवर फुटल्या आहेत, जणू मचाणासाठीच. आजोबांच्या काळी इथेच मचाण होतं असं घरी सांगतात. तिथून सगळा हरभरा एका नजरेत येतो.

बाकीची झाडं का सोडली तेही लिहून ठेवतो. विहिरीजवळचा कडुनिंब चांगला, पण तिथून नाला लांब पडतो. पळसाच्या फांद्यांवर माझा भरवसा नाही. पांदणीच्या कडेचा साग सरळसोट, मचाण टेकवायला फांदीच नाही. बाभळीवर चढ-उतार करताना अंधारात काटे लागतात. दक्षिणेच्या धुऱ्यावर एक मध्यम बेहडा आहे. त्याच्या फांद्या एकाच बाजूला गेलेल्या, म्हणून त्याच्याकडे फार लक्ष दिलं नाही.

झाड पक्कं करण्याआधी खाली उभं राहून शेंड्यापर्यंत नीट पाहून घ्या. आग्या मोहोळ असेल तर विषय संपला. पानं जोडून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असतील तर रात्री बसणं अशक्य. ढोली असेल तर आत काठी घालून बघा.

२७ ऑक्टोबर

मचाण उभं राहिलं. सहा बाय पाच फूट, जमिनीपासून चौदा फूट उंच. बांबूचे १,२०० रुपये, नायलॉन दोरी आणि काळी तार ४५०, दोन गड्यांची एका दिवसाची मजुरी १,०००, ताडपत्री १,०००. एकूण ३,६५०. झाडाला एकही खिळा मारलेला नाही.

एक गोष्ट गड्यांनी सांगितली म्हणून कळली. दोन्ही फांद्यांना मचाण घट्ट आवळायचं नाही. वाऱ्याने दोन फांद्या दोन दिशांना हलतात आणि मधला बांबू पिळला जाऊन फाटतो. एका फांदीला पक्कं बांधायचं, दुसरीवर नुसतं टेकवून सैल फास द्यायचा.

५ नोव्हेंबर

दिवाळीनंतर हरभरा पेरला. तूर आता छातीच्या वर गेली आहे.

१६ नोव्हेंबर

काल त्रिपुरी पौर्णिमा होती. हरभरा उगवून वर आलाय आणि रोही कोवळे शेंडे खायला यायला लागले आहेत. चांदण्यात नाल्यातून वर येणारे रोही मोहावरून लांबूनच दिसले. बॅटरीचा झोत टाकला, आवाज दिला, लगेच परतले. जागा बरोबर निवडली असं वाटलं.

पण मचाण हलायला लागलंय. बांबू ओले होते. वाळताना ते आकसतात आणि नायलॉनचा फास तिथेच मोठा राहतो, त्यामुळे सगळ्या गाठी सैल पडल्या. आज अर्धा दिवस पुन्हा बांधण्यात गेला. पंक्चरच्या दुकानातून ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूब आणल्या, १०० रुपयांत भरपूर मिळाल्या. दोन बोटं रुंद पट्ट्या कापून ताणून गुंडाळल्या. रबर ताणलेलं असल्यामुळे बांबू आकसला तरी पकड सुटत नाही. सांध्यांवर आधी ट्यूब आणि तिच्यावर दोरी, हा क्रम ठेवा.

१ डिसेंबर

अमावस्येची रात्र. दोघं मचाणावर होतो, रात्रभर आळीपाळीने जागे. नाल्याकडून काहीच आलं नाही. सकाळी उतरून पाहिलं तर हरभऱ्याची दक्षिणेकडची बाजू डुकरांनी उकरून ठेवलेली. माती नांगरल्यासारखी पालथी, झाडं मुळासकट वर. तुरीत शिरून शेंगांच्या खालच्या फांद्याही मोडलेल्या. आम्हाला आवाजसुद्धा आला नाही.

फोटो काढले. भरपाईसाठी नुकसानीच्या तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो, तो लगेच दिला. फोटोत ओळखू येण्यासारखी खूण ठेवा. मी विहिरीची मोटर आणि धुऱ्यावरचा दगड चौकटीत येईल असा उभा राहिलो.

३ डिसेंबर

आजची नोंद लांब आहे, कारण खरं काम आज झालं.

शेजारचे काका जन्मभर जागल करत आले आहेत. त्यांना घेऊन शेतात गेलो. मोहाचं मचाण त्यांनी खालूनच पाहिलं आणि म्हणाले, "झाड कायले पाह्यतं बाबू, डुकराची वाट पाह्य आंधी. झाड तं कुठंबी भेटते." मग सरळ दक्षिणेच्या धुऱ्यावर गेले.

मी जिथे शिरलो नव्हतो तिथे धुऱ्यालगत रायमुनियाच्या खालून एक बोगदा आहे, गुडघ्याएवढा उंच. त्याच्या तोंडाशी बेहडा. बेहड्याच्या खोडावर गुडघ्याच्या उंचीला सगळीकडून चिखल घासलेला, वाळून पापुद्रे सुटलेला. काकांनी नखाने पापुद्रा काढला. आत राठ काळे केस अडकले होते, टोकाला दुभंगलेले. नाल्याच्या चिखलात लोळून डुकरं रोज इथे अंग घासतात आणि इथूनच तुरीत शिरतात. तूर अंगावर ओढून घेतल्यागत ती थेट हरभऱ्यापर्यंत लपत येतात. मोहावरून हरभरा दिसतो, पण तुरीच्या पट्ट्यात काय चाललंय ते अजिबात दिसत नाही. आम्हाला कळतं तेव्हा डुकरं हरभऱ्यात असतात.

पण नाल्याची सोपी वाट सोडून ती पडितातून का येतात? काकांनी संध्याकाळी अगरबत्ती लावायला सांगितली. दिवस मावळायच्या आधी मोहाखाली लावली तेव्हा धूर इकडेतिकडे फिरत होता. अंधार पडून गारवा उतरला आणि धुराची रेघ जमिनीला धरून सरळ नाल्याकडे सरकायला लागली. वारा म्हणावा असा नव्हताच. थंड हवा जड असते, ती उताराने खाली वाहते. म्हणजे मोहावर बसलेल्या माणसाचा वास रात्रभर नाल्यात उतरतो. डुकराची नजर कमजोर, पण नाक फार तीक्ष्ण. नाल्यात त्याला आमचा वास येतो, तिथून ते वळतं आणि जिथे वास नाही त्या पडिताच्या बाजूने चढतं.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी पाहायला मचाणावर बसवतात तेव्हा हिशोब उलटा असतो. तिथे जनावर जवळ यावं म्हणून आपला वास पाण्याकडे जाणार नाही अशी जागा घेतात. जागलीत वास हा आपला गडी आहे. एका बाजूला तो उभा करायचा आणि दुसऱ्या बाजूला आपले डोळे. मोहावर मी डोळे आणि वास दोन्ही पूर्वेलाच लावून बसलो होतो, म्हणून दक्षिण उघडी पडली.

मग अगरबत्ती बेहड्याखाली नेऊन लावली. धूर धुऱ्याला समांतर सरकत नाल्याच्या वळणाकडे गेला. नाल्यातून पडितात चढायची डुकरांची जागा नेमकी त्या वळणावर आहे. म्हणजे बेहड्यापाशी बसलो तर वास वळणावर पोचतो आणि नजरेसमोर बोगद्याचं तोंड राहतं. जागा ठरली.

मोहाबद्दल काका आणखी एक बोलले. मार्च-एप्रिलला मोह फुलला की अस्वलं त्याखाली येतात, वरही चढतात. ज्यांचं पीक उशिरापर्यंत उभं असतं त्यांनी मोहावर मचाण बांधूच नये. तोच नियम पिकलेल्या बोरांच्या झुडपांजवळ थंडीतही लागू.

८ डिसेंबर

बेहडा एकटा भार घेणार नाही. म्हणून दोन बाजू झाडाला आणि दोन बाजू लोखंडी पाइपांवर असं ठरवलं. पाइप भंगारातून आणले, ३,६०० रुपये. मोहावरचे बांबू आणि ताडपत्री पुन्हा वापरली. मजुरी परत १,०००.

फांदी छाटायचा मोह होतो, पण जपून. बेहड्याची मी फक्त वाळकी काटकी काढली. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ यांसारखी झाडं आपल्या धुऱ्यावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, त्यासाठी १९६४ चा कायदा आहे.

उंची पुन्हा चौदा फूट. तुरीच्या डोक्यावरून हरभऱ्याचा पलीकडचा काठ दिसेल एवढी ती हवीच. आधी शिडी लावून त्या उंचीवर उभं राहून पाहिलं, मग मोजमाप पक्कं केलं. बांधून झाल्यावर कळण्यापेक्षा शिडीवर कळलेलं स्वस्त पडतं.

१५ डिसेंबर

एक पाइप वाकडा झाला. तुरीला तुषार संचाने पाणी दिलं, ते खांबापर्यंत गेलं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यात नुसता पुरलेला खांब दातासारखा हलायला लागतो. दोन्ही खांब उपसले. अडीच फूट खड्डा, तळाला सपाट दगड, भोवती मुरूम आणि गिट्टी थराथराने ठोकून भरली. वरचा थर जमिनीपेक्षा थोडा उंच आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला. मुरूम-गिट्टीचे ७०० रुपये आणि एक दिवस गेला. हे आधी केलं असतं तर तीन रात्री शेत राखणीविना राहिलं नसतं. तुषारचे दोन नोझल त्या बाजूचे बंद केले.

याच दिवशी सेफ्टी बेल्ट आणला, १,१५० रुपये. बांधकामावर वापरतात तोच, खांद्यावरून आणि मांड्यांतून येणारा. मचाणाच्या वरच्या फांदीपासून जमिनीपर्यंत एक दोर सोडला आहे. जमिनीवर असतानाच बेल्ट त्या दोराला सरकगाठीने (हाताने वर सरकते, पण झटका बसला की दोर आवळून धरते अशा गाठीने) जोडायचा, मग चढायचं. पडण्याची वेळ झोपेत कमी आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना जास्त येते. पहाटे दव पडून बांबू ओला असतो, अंग आखडलेलं असतं. नुसता कमरेचा पट्टा घेऊ नका. पडलं तर तो पोट आवळतो.

२४ डिसेंबर

पांदणीवर वाघाचे पगमार्क. वन विभागाला कळवलं.

मचाणाच्या जागेचा अर्धा भाग म्हणजे तिथे जायची वाट. बेहड्यापर्यंत जायला दोन वाटा आहेत. धुऱ्याने गेलं तर जवळ, पण एका बाजूला सगळा रायमुनिया. दुसरी वाट विहिरीवरून, कापसाच्या कडेने. लांब पडते, पण दोन्हीकडे मोकळं. आता फक्त दुसरी. या वाटेवरचं गवत कापून काढलं आणि मचाणाभोवतीही मोकळं अंगण केलं, म्हणजे उतरण्याआधी वरून चारी बाजू दिसतात.

घरी ठरवून टाकलं: दिवस मावळायच्या आधी वर, चांगलं उजाडल्यावर खाली, आणि एकट्याने नाही. रात्री डुकरं आली तरी खाली उतरून धावायचं नाही. शिडी वर ओढून घ्यायची. आठवड्यात ज्या दिवशी पंपाला रात्रीची वीज असते, त्या दिवशी मोटर चालू करायला जाणाऱ्याने मचाणावरच्याला आधी फोन करायचा आणि वरच्याने त्याच्या वाटेवर झोत धरून ठेवायचा.

३० डिसेंबर

सोमवती अमावस्या. काळोख तोच, महिन्याभरापूर्वीच्या रात्रीसारखा.

बोगद्याच्या तोंडाशी सागाची वाळकी पानं पोतं भरून आणून पसरली होती. सागाचं पान मोठं आणि कडक, वाळलं की पापडासारखं वाजतं. मध्यरात्रीनंतर कधीतरी आधी नाल्याच्या वळणाकडून एक खरखरीत हुंकार आला आणि पळापळीचा आवाज. वास पोचला होता. आम्ही हललो नाही. बऱ्याच वेळाने खालची पानं वाजली, एकदा, मग थांबली, मग पुन्हा. एकच डुक्कर होतं, दांडगं. तोंड बाहेर आलं तसा झोत थेट डोळ्यांवर आणि डब्बा वाजवला. ते आल्या वाटेने परत घुसलं. तुरीत शिरलंच नाही.

फरक एवढाच की तेव्हा डुकरं पीक उकरून गेल्यावर कळलं होतं, आज पिकाबाहेर असताना कळलं. पिकात शिरलेला कळप हुसकावला तर तो पळताना दुप्पट तुडवतो.

१९ जानेवारी २०२५

घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) भरले आहेत. गावात काहींनी भोंगे लावलेत, रात्रभर कुत्र्यांच्या भुंकण्याचं रेकॉर्डिंग. आम्हीही काही रात्री लावून पाहिला. सुरुवातीला जनावरं बिचकली, मग सरावली. भोंगा चालू असताना रोही चरताना दिसला. शिवाय भोंग्यामुळे पानं वाजलेली ऐकू येत नाहीत, म्हणजे मचाणावर असलेलं खरं हत्यारच बोथट होतं. काढून टाकला. बॅटरीचंही तेच. उगाच फिरवत बसायची नाही, जनावर तोंडाशी आल्यावरच लावायची.

ज्यांना मचाणाऐवजी झटका मशीन परवडतं त्यांनी जरूर घ्यावं. ठरावीक क्षमतेचं, कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटका देणारं. पण तारेत थेट वीज सोडायचा विचारही कुणी करू नये. त्यात वाघ मेले आहेत आणि रात्री पाणी द्यायला निघालेली माणसंही. हा गुन्हा तर आहेच, पण आपल्याच शेजारच्या पोराचा पाय त्या तारेवर पडू शकतो.

उत्तरेकडून पहाटे रोही येणं मात्र बंद झालेलं नाही. बेहड्यावरून पांदणीची बाजू फार लांब पडते. झोत पोचतो, पण रोही त्याला जुमानत नाही. एका मचाणाने सहा एकरांच्या चारी बाजू धरता येत नाहीत. पांदणीपलीकडच्या भाऊंचा हरभरा रोही त्याच वाटेने खातो. त्यांच्याशी बोललो. सागाला दोन खांब जोडून त्यांनी तिथे मचाण बांधायचं, आम्ही दक्षिण धरायची आणि रात्री एकमेकांना शिट्टीने कळवायचं असं ठरलं. त्यांनाही आधी अगरबत्ती लावून पाहायला सांगितलं. तिथे उतार वेगळा आहे.

१६ फेब्रुवारी

हरभरा सोंगणीला (कापणीला) आला. डिसेंबरमध्ये उकरलेला दक्षिणेचा पट्टा रिकामाच राहिला, पण बेहड्यावर गेल्यानंतर डुकरांचं मोठं नुकसान झालं नाही. भाऊंचं मचाण जानेवारीअखेर उभं राहिलं, तेव्हापासून पहाटेचे रोही कमी झाले.

दुसऱ्या मचाणाचा खर्च बेल्ट, ट्यूब, मुरूम धरून ६,५५० झाला. दोन्ही मिळून १०,२००. पहिल्या मचाणातले बांबू आणि ताडपत्री पुन्हा कामी आली, वाया गेली ती मजुरी आणि दोरी.

पुढच्या हंगामासाठी दोन कामं आत्ताच लिहून ठेवतो. यंदा तुरीच्या ओळी पूर्व-पश्चिम होत्या, म्हणजे बेहड्यावरून पाहताना प्रत्येक ओळ आडवी भिंत झाली. पुढच्या वर्षी उत्तर-दक्षिण पेरायची. वरून ओळींमधली मोकळी जागा शेवटपर्यंत दिसेल आणि पूर्वेच्या उताराला ती पेरणी आडवी पडत असल्याने पाणीही जिरेल. दुसरं, तूर आणि पडीत यांच्यात पाच-सहा हात पट्टा रिकामा सोडायचा, म्हणजे बोगद्यातून निघालेल्या जनावराला उघड्यावर यावंच लागेल. तेवढी तूर कमी होईल, चालेल.

ताडपत्री आणि दोर घरी आणले. शिडी काढली, नाहीतर उन्हाळ्यात पोरं चढतात. खांब तिथेच ठेवलेत. पावसाळ्यात काळी माती त्यांना किती हलवते ते पाहून ऑक्टोबरमध्ये गिट्टी पुन्हा ठोकायची.